पत्ता खुर्चीचा, पेटी माणसाची

जव्हार-मोखाड्याला लोक जातात पावसाळ्यात, दाभोसाचा धबधबा बघायला. मी गेलो डिसेंबरात, मेल सर्व्हरच्या कामाला. मित्रांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. आता सर्व्हर काही जव्हारला नव्हता, तो भाड्याचा, कुठल्यातरी डेटा सेंटरात. पण तो वापरणारी माणसं तिथे होती, आणि गडबड माणसांशी बोलल्याशिवाय कळणारी नव्हती.

ओळखीतली एक छोटी संस्था. संस्था एकच, पण डोमेन दोन. एक मुलांच्या आरोग्याच्या कामाचं, दुसरं वारली चित्रं विकणाऱ्या बायकांच्या गटाचं. दोन्ही एकाच सर्व्हरवर, मिळून पंधराएक खाती. दुपारच्या जेवणाआधी उरकेल असं वाटलं होतं.

झालं होतं असं. दिवाळी सरली की तिकडची कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर कामाला जातात, पोराबाळांसकट. संस्थेतली एक ताई पाड्यापाड्यावर फिरून यादी करते. कमी वजनाचं कुठलं मूल कुठल्या भट्टीवर गेलं, ते त्यात लिहिलेलं असतं. ही यादी ऑफिसला गेली की तिथून भट्टीजवळच्या आरोग्य केंद्राला कळवायचं. त्या वर्षी यादी वेळेवर गेली आणि पुढे काहीच झालं नाही. कारण ज्याच्या पत्त्यावर ती गेली, तो कार्यकर्ता जूनमध्येच नोकरी सोडून गेला होता. खातं तेवढं कुणी बंद केलं नव्हतं. यादी तीन आठवडे त्याच्या पेटीत पडून.

ताई मला म्हणाली, "सर, मी मेल केला होता. गेला पण. परत नाही आला."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. परत आला नाही म्हणजे पोचला, असंच आपण सगळे समजतो.

वावर-वांगणी हे नाव नव्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. जव्हार तालुक्यातली ही गावं १९९२-९३ साली कुपोषणानं झालेल्या बालमृत्यूंमुळे सगळ्या महाराष्ट्राला कळली. त्या तालुक्यातली वजनांची यादी तीन आठवडे न वाचता पडून राहते, तेव्हा 'आयटीचा छोटासा प्रॉब्लेम' म्हणून खांदे उडवता येत नाहीत.

आता जरा धंद्याचं बोलू. मेल सर्व्हरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात. खातं म्हणजे पेटी, तिला पासवर्ड असतो, मेल तिच्यात साठतो. एलिअस म्हणजे नुसता पत्ता. त्याला पेटी नाही, पासवर्ड नाही. 'या नावानं आलेलं त्या पेटीत टाका' एवढी एक ओळ.

हे समजायला जव्हारचंच उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. पण जव्हारचा पिनकोड ४०१६०३ आणि मोखाड्याचा ४०१६०४, हे बदलले नाहीत. त्यामुळे सवयीनं कुणी 'जि. ठाणे' लिहिलं तरी पत्र पोचायला अडचण नाही. कारभार कुठल्या जिल्ह्यातून चालतो आणि पत्र कुठे पोचवायचं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्याचा हा फायदा. पिनकोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि तिच्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हा आपलाच मराठी माणूस होता. ईमेलच्या जगात हीच अक्कल १९९७ साली आरएफसी २१४२ या दस्तऐवजात लिहून ठेवली आहे. इन्फो, सपोर्ट, अॅब्यूज, पोस्टमास्टर असे पत्ते कामाच्या नावानं असावेत. मागे माणूस कुठलाही असो.

आपल्या सरकारलाही हे कळतं बरं का. केंद्राच्या २०१४ च्या ईमेल धोरणात पदनामाचा पत्ता वेगळा आणि नावाचा वेगळा अशी सोय केली होती, आणि बदली झाली की पदनामाचा पत्ता पुढच्याच्या हवाली करायचा होता. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात सर्वसाधारण पदावधी तीन वर्षं धरला आहे, आणि नेहमीच्या बदल्या एप्रिल-मे महिन्यात. म्हणजे माणूस जाणार हे आधीच ठरलेलं आहे. मग आपल्या संस्थांमध्ये, कंपन्यांमध्ये दर वेळी 'अरेच्चा, तो गेला की!' असं का होतं?

माझ्या मते कारण तांत्रिक नाही, आळशीपणाचं आहे. आणि त्या आळसाचे तीन प्रकार मी वर्षानुवर्षं बघतोय.

पहिला, सगळ्यांत मिळून एक खातं. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. एका ऑफिसात तर ओटीपी जायचा बदलून गेलेल्या क्लार्कच्या मोबाइलवर. दर वेळी त्याला फोन करायचा, "भाऊ, जरा बघता का?" तो बिचारा लग्नाच्या पंगतीत असला तरी सांगायचा.

दुसरा, कॅच-ऑल. डोमेनवर काहीही आलं, चुकीच्या नावाचंसुद्धा, तरी एका पेटीत घ्यायचं. वरवर उदार वाटतं. पण त्यात रद्दी भरते, आणि स्पेलिंग चुकवणाऱ्याला चूक कळतच नाही. 'असा कुणी इथे नाही' म्हणून परत येणारा मेल रुक्ष असेल, पण प्रामाणिक असतो. ताईचा मेल तसा परत आला असता तर तिनं त्याच दिवशी फोन केला असता.

तिसरा प्रकार आम्हा सर्व्हरवाल्यांचा, आणि तोच इथेही निघाला. पोस्टफिक्समध्ये दोन्ही डोमेन 'मायडेस्टिनेशन'मध्ये टाकून दिली होती. असं केलं की जुन्या एलिअसेस फाइलला डोमेन दिसतच नाही. इन्फो म्हणजे इन्फो. त्यामुळे चित्रांच्या ऑर्डरी आणि आरोग्याची पत्रं एकाच पेटीत पडत होती. वैतागून लोकांनी इन्फोचा नाद सोडला आणि एकमेकांच्या नावाच्या पत्त्यांवर मेल करायला लागले. यादी त्या कार्यकर्त्याकडे गेली ती अशी. उपाय सोपा आहे. डोमेन 'व्हर्च्युअल' करा आणि पूर्ण पत्ता लिहून एलिअस द्या, म्हणजे दोन डोमेनचे दोन इन्फो दोन वेगळ्या माणसांकडे जातात.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. नावाच्या पत्त्यामागे माणूस असतो. 'ऑफिस'ला पाठवलेल्या मेलचा वाली कोण? एलिअस चार जणांना लावला की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. बारभाईंची खेती, काय लागेल हाती! म्हणून माझा नियम असा, की प्रत्येक एलिअसमागे एक माणूस, तो रजेवर असला तर दुसरा, आणि दोघांची नावं भिंतीवर. उत्तरही त्याच पत्त्यावरून जायला हवं. नाहीतर समोरच्याच्या अॅड्रेसबुकात पुन्हा तुमचं नाव बसतं आणि तुम्ही गेलात की पहिले पाढे पंचावन्न. कुठल्या खात्यानं कुठल्या पत्त्यानं पाठवायचं, याची यादी पोस्टफिक्समध्ये देता येते. आणि दर जूनला सगळी यादी एकदा वाचून काढायची, मोठ्यानं, सगळ्यांसमोर.

दुपारच्या जेवणाआधी काही उरकलं नाही. रविवारी संध्याकाळी निघालो तेव्हा 'स्थलांतर' नावाचा एक एलिअस झाला होता, यादीसाठी. सोडून गेलेल्यांची खाती बंद केली होती. त्या यादीतली मुलं पुढे महिनाभरात सापडली, दोन सोडून. त्यांची कुटुंबं भट्टी बदलून गेली होती, ती थेट फेब्रुवारीत गावी परतल्यावर भेटली. मुलं होती ठीक, पण त्याचं श्रेय ना सर्व्हरला ना मला.

पुढच्या जूनमध्ये ताईही दुसरीकडे नोकरीला लागली. तिच्या जागी आलेल्या मुलीला पत्ता पाठ करावा लागला फक्त एकच. मी सर्व्हरवर तिचं खातं उघडलं, ताईचं बंद केलं, झालं.

तर मंडळी, सोमवारी ऑफिसला गेलात की एवढं बघा. शेवटचा जो माणूस तुमच्या टीममधून गेला, त्याच्या पेटीत आत्ता काय काय येऊन पडतंय? आणि ते पाठवणारा कुणाच्या उत्तराची वाट बघत बसलाय?