खिडकीचा खालचा तिसरा हिस्सा

घराला मागच्या बाजूने खोली वाढवायची, किंवा पुण्यात घेतलेल्या फ्लॅटचं इंटिरियर करायचं, की हल्ली आर्किटेक्ट तुम्हाला त्रिमितीय चित्र पाठवतो. सोफा, कुंडी, खिडकीतून येणारं कोवळं ऊन, सगळं असतं त्यात. त्या चित्रातल्या खिडकीच्या खालच्या भागात काच नसून भरीव पॅनेल असेल, तर त्याला एक प्रश्न जरूर विचारा. हे पॅनेल चित्रात पॅनेल आहे, पण हिशेबात काय आहे?

बहुतेक वेळा ते हिशेबात काच असतं, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये खिडकी ही एक तयार वस्तू असते. भिंतीवर नेऊन सोडली की भिंतीला आपोआप भोक पडतं. खालच्या चौकोनाचं मटेरियल काचेऐवजी लाकूड किंवा पांढरं यूपीव्हीसी केलं की चित्र अगदी खरं दिसतं. पण उष्णतेच्या गणितासाठी त्या खिडकीला जे गुण चिकटवलेले असतात, ते अख्ख्या खिडकीला मिळून एकच असतात. रंग बदलला तरी ते बदलत नाहीत. म्हणजे डोळ्यांना लाकूड आणि गणिताला काच.

याने कितीसा फरक पडतो? आकडेमोड करून बघू. खिडकी 1.8 मीटर रुंद आणि 2.1 मीटर उंच धरा. खालचे 70 सेंटिमीटर भरीव, म्हणजे 1.26 चौरस मीटर, बरोबर एक तृतीयांश. उन्हाळ्यात तिच्यावर दर चौरस मीटरला 500 वॅट ऊन पडतंय. चौकटीसाठी 30 टक्के वजा करा आणि दुहेरी काच त्यातली 60 टक्के उष्णता आत सोडते असं धरा. तो भाग खरंच काच असता तर तिथून सुमारे 265 वॅट आत आले असते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता टाकतो. म्हणजे तुमच्या मॉडेलमध्ये अडीच पाहुणे न बोलावता येऊन बसलेत. प्रत्यक्षात पॅनेल पांढरं असेल तर उन्हामुळे त्यातून वीस वॅटदेखील आत येत नाहीत.

हिवाळ्यात मात्र गंमत उलटी आहे. इथे मिळणारं 28 मिलिमीटर जाडीचं, मध्ये फोम असलेलं पॅनेल घेतलं तर त्याचं यू-मूल्य 1.2 च्या आसपास येतं. चांगल्या नव्या खिडकीचं असतं 1.4. आत-बाहेर 20 अंशांचा फरक असला तरी आपल्या 1.26 चौरस मीटरमागे दोन्हींत पाचेक वॅटचा फरक. 'पॅनेल आहे, म्हणजे उबदार' हा समज त्यामुळे काही खरा नाही. हुशारी करून कोणी तो भाग भिंत म्हणून काढला तर तेही चूकच. इंग्लंडच्या नियमांनुसार वाढवलेल्या खोलीची नवी भिंत 0.18 ची लागते. तिच्यापेक्षा हे पॅनेल साडेसहा पट जास्त उष्णता गळू देतं. थोडक्यात, उन्हाच्या बाबतीत ते भिंतीसारखं वागतं आणि थंडीच्या बाबतीत खिडकीसारखं. एका शब्दात न बसणारी गोष्ट एकाच वस्तूत कोंबली की गणित फसणारच.

मी राहते त्या पिनरमध्ये हा प्रश्न गल्लोगल्ली दिसतो. मेट्रोपॉलिटन रेल्वे इथे 1885 साली आली, पण गाव खरं वाढलं ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, 'मेट्रोलँड'च्या जाहिराती भरात असताना. त्या काळच्या जोडघरांना पुढे फुगीर बे विंडो असतात. खालच्या मजल्याची खिडकी, मग कौलं किंवा गिलावा लावलेला भरीव पट्टा, मग वरच्या मजल्याची खिडकी. तो पट्टा बाहेरून भिंत वाटतो, पण बऱ्याचदा आत लाकडी सांगाडा आणि पोकळी एवढंच असतं. विटांच्या भिंतीचा आकडा त्याला लावला की वरच्या बेडरूमच्या खिडकीजवळ जानेवारीत पाय का गारठतात, ते कोणत्याही मॉडेलला कळणार नाही.

आता तुम्हाला आपल्याकडची जुनी खिडकी आठवत असेल. चार झडपांची, दोन वर, दोन खाली. दुपारी खालच्या लाकडी झडपा लावून घ्यायच्या आणि वरच्या उघड्या ठेवायच्या. रस्त्यावरच्या माणसाला आतलं दिसत नाही, रांगतं मूल बाहेर डोकावत नाही, उजेड-वारा चालू राहतो. यात 'पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं' वगैरे म्हणायची मला मुळीच हौस नाही. काच महाग होती आणि लाकूड हाताशी होतं, एवढं कारणही पुरतं. पण प्रकाशाचं गणित त्या खिडकीच्या बाजूने आहे हे खरं. टेबलाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण 85 सेंटिमीटरवर, किती उजेड पोचतो ते मोजतात. त्या उंचीच्या खालच्या काचेतून आलेला प्रकाश आधी जमिनीवर पडतो आणि तिथून उडून वर येतो, त्यामुळे त्याचा उपयोग फार थोडा होतो. खालचा तिसरा हिस्सा भरीव केला तर ऊन एक तृतीयांशाने घटतं, पण कामाचा उजेड त्या मानाने किरकोळच कमी होतो. इंग्लंडमध्ये 80 सेंटिमीटरच्या खालच्या काचेला सुरक्षा काचेचा नियम लागतो, तो खर्चही वाचतो.

पिनरच्या डिसेंबरात खालच्या काचेतून येणारं तिरपं ऊन हवंहवंसं वाटतं, हे मान्य. दक्षिणेच्या खिडकीला कदाचित मीही पूर्ण काचच निवडेन. पश्चिमेच्या खिडकीला नाही. 19 जुलै 2022 रोजी इथून जवळच हीथ्रोला पारा 40.2 वर गेला होता.

नियम करणाऱ्यांना हा फरक कळत नाही असं नाही. भारताची 2018 ची 'इको निवास संहिता' खिडक्या-दारांमधली भरीव पॅनेलं भिंतीबरोबर अपारदर्शक भागात धरायला सांगते आणि फक्त प्रकाश आत सोडणारा भाग वेगळा मोजते. इंग्लंडमध्ये नव्या घरांसाठी 2022 पासून लागू झालेला पार्ट ओ काचेच्या क्षेत्रफळावर मर्यादा घालतो. घराला खोली वाढवताना लागणारा 25 टक्क्यांचा नियम मात्र अख्ख्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ बघतो. एकच खिडकी एका तक्त्यात 3.78 आणि दुसऱ्यात 2.52 चौरस मीटर असू शकते, चौकट वजा करायच्या आधीच. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण कुठे कोणता घालायचा हे माणसाला माहीत हवं.

सॉफ्टवेअरवाल्यांना तर सबबच नाही. इमारतींची मॉडेलं एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी आयएफसी हा खुला आंतरराष्ट्रीय प्रमाण साचा आहे. त्यात खिडकीच्या गुणांमध्ये 'ग्लेझिंग एरिया फ्रॅक्शन', म्हणजे खिडकीचा किती हिस्सा काच आहे, हा रकाना आहे. तो सक्तीचा नाही एवढंच. माझं म्हणणं असं, की खिडकीत काचेखेरीज दुसरं मटेरियल घातलं की प्रोग्रामने थांबून हा आकडा मागावा. कडी लागली नाही तर गाडी पिप-पिप करते, तेवढं तरी.

तोवर उपाय सोपे आहेत. खिडकी एक वस्तू म्हणून न काढता वर काचेची आणि खाली भरीव अशा दोन वस्तू काढायच्या, किंवा कर्टन वॉलसारख्या जाळीत प्रत्येक चौकोनाला वेगळा गुण द्यायचा. एनर्जीप्लससारख्या गणिती प्रोग्राममध्ये खालच्या भागाला चक्क 'दार' म्हणून घालतात, कारण तिथे दार अपारदर्शक असतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण उत्तर बरोबर येतं. आर्किटेक्टचा यात अर्धा तास जाईल. एसी किंवा हीटरचा आकार ठरवण्याआधी तो अर्धा तास मागून घ्या.