निकाल मागणाऱ्या वाचकांस

हेन्री जेम्स याची 'द टर्न ऑफ द स्क्रू' ही छोटेखानी कादंबरी १८९८ च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत अमेरिकेतील 'कॉलियर्स वीकली' या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली, आणि तिच्याविषयी वाचकांत जो वाद उत्पन्न झाला तो शमल्याचे चिन्ह अद्यापही दिसत नाही. एक पक्ष म्हणतो की या कथेतील भुते खरी आहेत, ती दोन निष्पाप मुलांच्या आत्म्यांवर टपलेली आहेत, आणि त्यांच्याशी एकाकी झुंज देणारी तरुण शिक्षिका ही या कथेची वीरनायिका होय. दुसरा पक्ष म्हणतो की भुते मुळात नाहीतच. आहे तो एका दडपलेल्या मनाचा भ्रम, आणि मुलांचा घात झाला असेल तर तो त्या शिक्षिकेच्याच हातून झाला. तिसरा एक वर्ग आहे, तो वादात फारसा पडत नाही. पुस्तक मिटून ठेवताना लेखकाने आपली फसवणूक केली एवढेच म्हणतो. तिघांची मते परस्परांना कितीही छेद देत असली तरी या पुस्तकात कोठेतरी एक निकाल दडलेला आहे, निदान असावयास हवा होता, हे गृहीत तिघांनाही मान्य आहे. माझा आक्षेप या गृहीतावरच आहे. कारण ते सोडून दिल्याशिवाय या कादंबरीतील खरे भय, ज्याचा भुतांच्या असण्यानसण्याशी फारच थोडा संबंध आहे, वाचकाच्या प्रत्ययास येत नाही.

कथा थोडक्यात सांगणे भाग आहे. नाताळाच्या दिवसांत शेकोटीभोवती जमलेल्या मंडळींना डग्लस नावाचा एक गृहस्थ एक जुने हस्तलिखित वाचून दाखवतो. ते लिहिणारी बाई वीस वर्षांपूर्वी वारलेली असून एके काळी त्याच्या बहिणीची शिक्षिका होती. त्याही पूर्वी, एका गरीब खेडवळ धर्मोपदेशकाची ही वीस वर्षांची धाकटी कन्या नोकरीच्या शोधात लंडनला आली असता हार्ले स्ट्रीटवर राहणाऱ्या एका देखण्या, सधन, अविवाहित गृहस्थाने तिच्यावर आपल्या पोरक्या पुतण्यापुतणीचा भार सोपवला. या मुलांचे आईबाप हिंदुस्थानात मरण पावले होते, ही गोष्ट आपल्याकडील वाचकाने सहज ओलांडून जाऊ नये; साम्राज्याच्या चाकरीत पोरकी झालेली आणि नातेवाइकांच्या सोयीप्रमाणे कोठेतरी ठेवून दिलेली मुले हे त्या काळच्या इंग्रज समाजाचे एक वास्तव होते. नेमणुकीची अट एकच होती: काहीही घडो, चुलत्याला पत्र लिहावयाचे नाही, तक्रार गुदरावयाची नाही, त्याला कसलाही त्रास द्यावयाचा नाही. एसेक्स परगण्यातील ब्लाय येथील त्या विस्तीर्ण वाड्यात ती येते. आठ वर्षांची फ्लोरा आणि, शाळेने काढून टाकलेला, दहा वर्षांचा माइल्स यांच्या देवदुर्लभ रूपाने व वागण्याने मोहून जाते. आणि पुढे मनोऱ्यावर, खिडकीबाहेर, तळ्याच्या काठी तिला दोन आकृती दिसू लागतात. त्या आकृती चुलत्याचा मृत खिजमतगार पीटर क्विंट आणि तिच्या आधीची मृत शिक्षिका मिस जेसल यांच्या आहेत, असा निश्चय ती वाड्याची कारभारीण मिसेस ग्रोस हिच्याशी बोलून करते. शेवटी फ्लोरा आजारी होऊन लंडनला नेली जाते आणि माइल्स शिक्षिकेच्या मिठीत प्राण सोडतो.

भ्रमवादी पक्षाचा आद्य वकील म्हणून एडमंड विल्सन या समीक्षकाचे नाव घेतले जाते, जरी १९२४ मध्ये एडना केंटन या बाईने त्या दिशेला बोट दाखवले होते. विल्सनने १९३४ मध्ये 'हाउंड अँड हॉर्न' या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात फ्रॉइडच्या मानसशास्त्राचा आधार घेऊन असे प्रतिपादन केले की शिक्षिका आपल्या मालकावर अनुरक्त आहे, त्या अनुरागाला वाट नसल्यामुळे तो विकृत होऊन भुतांच्या रूपाने तिच्यापुढे उभा राहतो, आणि तिच्याखेरीज दुसऱ्या कोणीही ती भुते पाहिल्याचे पुस्तकात शाबीत होत नाही. या निबंधाने एक मोठे काम केले, ते नाकारणे अन्यायाचे होईल: सांगणाऱ्याची जबानी ही जबानी म्हणूनच वाचली पाहिजे, हा धडा त्याने वाचकांना दिला. परंतु मूळ सिद्धान्त मात्र टिकत नाही. १९४७ मध्ये हाइलमन आणि वॉल्डॉक या दोघा समीक्षकांनी दाखवून दिले की शिक्षिकेने क्विंटचे नावही ऐकलेले नसताना तिने केलेले त्याचे वर्णन, म्हणजे तांबडे कुरळे केस, लांबट फिकट चेहरा, अंगावर दुसऱ्याचे कपडे आणि डोक्याला टोपी नाही, ऐकून मिसेस ग्रोस त्याला तत्काळ ओळखते. निव्वळ भ्रमाला हे कसे साधावे? विल्सनला १९४८ मध्ये आपल्या मताला मुरड घालावी लागली, आणि १९५९ मध्ये तो पुन्हा मूळ जागी परतला. यावरूनच हा गड किती डळमळीत आहे ते दिसते. दुसऱ्या कोणाला दिसले नाही म्हणून ते नव्हते, हे अनुमान तर आपल्या शास्त्रकारांनी केव्हाच मोडीत काढले आहे: जी वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो, आणि ज्याला वाटेल त्याला दिसावे व इतरांना दिसू नये असाच ज्याचा स्वभाव लोकांनी मानला आहे त्या भुताला हा नियम लागू पडत नाही. तळ्याकाठी मिसेस ग्रोसला काही दिसले नाही हे खरे. पण त्याच मिसेस ग्रोसने आजारी फ्लोराजवळ रात्र काढल्यावर तिच्या तोंडचे ऐकू नये ते ऐकून शिक्षिकेवर आपला विश्वास असल्याचे सांगितले, हेही त्याच दप्तरात नमूद आहे.

यावरून भूतवादी पक्षाने जयघोष करण्याचे कारण नाही. त्यांचा मुख्य दस्तऐवज म्हणजे १२ जानेवारी १८९५ ची जेम्सच्या टिपणवहीतील नोंद. त्याच्या 'गाय डॉमव्हिल' या नाटकाची लंडनच्या रंगभूमीवर दुर्दशा झाली त्याला जेमतेम आठवडा लोटला होता. कँटरबरीचे आर्चबिशप बेन्सन यांनी त्याला दुष्ट नोकरांची भुते मुलांना नाशाकडे खुणावतात अशा आशयाची एक अर्धवट आठवणीतली हकिगत सांगितली, ती त्याने टिपून ठेवली. आणि तेथे भुते निःसंशय खरी आहेत. याला जोड म्हणून ते सांगतात की हेन्रीचा वडील बंधू विल्यम जेम्स हा १८९४-९५ मध्ये अतींद्रिय घटनांचा शोध घेणाऱ्या लंडनच्या संस्थेचा अध्यक्ष होता, आणि खुद्द हेन्रीने एच. जी. वेल्सला लिहिलेल्या पत्रात या पुस्तकाला पोटापाण्यासाठी केलेला मनोविनोद म्हटले आहे. हे सर्व कबूल करूनही त्यातून काय निष्पन्न होते? टिपणवहीतील नोंद नीट वाचावी. तेथे कथा बाहेरच्या एखाद्या तटस्थ निरीक्षकाने सांगावयाची असे योजलेले आहे, आणि ही शिक्षिका तेथे नाहीच. १८९७ मध्ये प्रत्यक्ष लेखनाला बसल्यावर जेम्सने जी एकच मोठी उलथापालथ केली ती हीच: तटस्थ निरीक्षक काढून टाकला आणि त्याच्या जागी जिचे चित्त, नोकरी आणि प्रेम सर्व या प्रकरणात गुंतलेले आहे अशी स्त्री आणून बसवली. ज्याला भुते केवळ खरी ठरवावयाची होती त्याला हा खटाटोप करण्याची जरुरी नव्हती. शिक्षिका विश्वासार्ह आहे याला डग्लसची साक्ष काढली जाते. पण डग्लसचे तिच्यावर मन जडले होते असे प्रास्ताविकातच सूचित झाले असल्यामुळे ही साक्ष पक्षपातरहित म्हणता येत नाही. आप्तवाक्य, म्हणजे विश्वसनीय माणसाचा शब्द, प्रमाण खरे, परंतु आप्त कोण हे ठरवण्याची जबाबदारी जेम्सने प्रत्येक पायरीवर पुढच्याकडे ढकलली आहे.

फसवणुकीची तक्रार करणाऱ्यांना उत्तर देणे सोपे आहे, आणि त्यांच्याविषयी मला सहानुभूतीही आहे, कारण भुताची गोष्ट वाचावयास बसणाऱ्याला शेवटी भूत मिळावे अशी अपेक्षा करण्याचा हक्क आहे. पण अपुरेपणा हा येथे आळसाचा परिणाम नाही. १९०८ मध्ये आपल्या समग्र आवृत्तीच्या प्रस्तावनेत जेम्सने स्वच्छ सांगितले आहे की दुष्टपणाचा तपशील त्याने मुद्दामच भरला नाही. तो वाचकाने आपल्या कल्पनेतून भरावा, म्हणजे लेखकाच्या तुटपुंज्या तपशिलांनी त्याचा रंग फिका पडणार नाही. हे साधले किती, याचा दाखला १८९९ मध्ये अमेरिकेतील 'इंडिपेंडंट' साप्ताहिकाने दिला. पुस्तकात एकही अश्लील वाक्य नसताना त्याने या कथेला आपण वाचलेल्या कथांत अत्यंत दुष्ट ठरवले. जे कागदावर नाही त्यानेच त्या परीक्षकाचा थरकाप उडाला होता. याउलट १९५४ मध्ये व्हेनिस येथे बेंजामिन ब्रिटनने या कथेवरील आपली संगीतिका रंगभूमीवर आणली तेव्हा भुतांना गावे लागले, आणि गाणारे भूत नाकारणे कोणालाही शक्य नव्हते. ती संगीतिका थोर आहे. पण ती दुसरीच कलाकृती आहे.

आता माझे म्हणणे. संधिप्रकाशात दूर काहीतरी उभे दिसते, तो खुंट आहे की पुरुष आहे, हे नैयायिकांचे संशयाचे ठरीव उदाहरण. दोन्हींचे समान धर्म दिसतात, एकाचाही विशेष दिसत नाही, आणि म्हणून मन दोन्ही टोकांना स्पर्श करीत राहते. आलंकारिकांनी या अवस्थेत सौंदर्यही पाहिले. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त संदेहालंकाराचे तीन प्रकार मानले आहेत: ज्याच्या पोटी निश्चय येऊन जातो तो, ज्याच्या शेवटी निश्चय होतो तो, आणि ज्यात निश्चय कधीच होत नाही तो शुद्ध. आपल्या परंपरेने अखेरपर्यंत टिकणाऱ्या संशयाला शुद्ध हे विशेषण द्यावे आणि आपणच एका परदेशी कथेपुढे उभे राहून निकालाचा हट्ट धरावा, हे मला खेदजनक वाटते. जेम्सची ही कथा शुद्ध संदेहाची आहे. तिचे वर्णन करताना विल्सन आणि हाइलमन या दोघांनीही आपापल्या टोकाचे विशेष आधीच दिसले असे मानले, एवढीच त्यांची चूक.

परंतु अलंकारावर थांबलो तर हे पुस्तक केवळ कलाकुसरीचे ठरेल, आणि ते तसे नाही. संशय हा येथे नीतीचा प्रश्न आहे. ब्लाय येथे जे काही अनिष्ट घडते ते निश्चयाच्या घाईतून घडते. शाळेचे मुख्याध्यापक मुलाला काढून टाकतात आणि पत्रात कारणाचा एक शब्द लिहीत नाहीत, तो इतर मुलांना अपायकारक आहे हा अर्थ शिक्षिकाच काढते. मिसेस ग्रोसला वाचता येत नाही, म्हणून ते पत्र शिक्षिकेच्या हाती जसे येते तसेच तिच्या एकटीच्या मनात राहते. मनोऱ्यावर कोण होता हे विचारण्यासाठी तिला दुसरा कोणी शहाणा माणूस उपलब्ध नाही, कारण ज्याला विचारावयाचे त्यानेच विचारू नये असा हुकूम करून ठेवला आहे. खिडकीतून क्विंट दिसल्यानंतर ती धावत बाहेर जाते आणि नेमक्या त्याच्याच जागी उभी राहून आत डोकावते, तेव्हा आत आलेली मिसेस ग्रोस तिला पाहून पांढरीफटक पडते. भूत जेथे उभे होते तेथे आता ती उभी आहे, आणि पाहणाराला तेवढेच भय वाटते आहे: जेम्सने या कथेत याहून भेदक असे काही लिहिलेले नाही. मुलांना जो धोका भुतांपासून असेल तोच धोका, निश्चयाने झपाटलेल्या रक्षकापासूनही आहे. आणि कोणत्याही पक्षाने कथा वाचली तरी चुलत्याचा दोष पुसला जात नाही. भुते खरी असोत वा खोटी, दोन पोरक्या मुलांना त्याने सर्वाधिकार देऊन एका वीस वर्षांच्या अननुभवी मुलीच्या स्वाधीन केले आणि दाद मागण्याचे दार बाहेरून बंद केले. शिक्षिका अखेरीस धीर करून त्याला पत्र लिहिते ते माइल्स चोरतो व जाळतो. आणि त्या पत्रात भेटीच्या विनंतीपलीकडे काही नव्हते. भुतांचा पंचनामा करण्यात गढलेल्या समीक्षेने या माणसाकडे फार कमी पाहिले आहे.

शेवटच्या प्रकरणाकडे माझ्या मते दोन्ही पक्षांनी पुरेशा लक्षाने पाहिलेले नाही. शिक्षिका माइल्सकडून कबुलीजबाब काढते आहे. त्याने शाळेत काय केले ते त्याच्या तोंडून निघते, आणि ते इतके क्षुल्लक, आपल्या आवडत्या चार मुलांशी काही बोलल्याइतकेच, असते की एका क्षणापुरता तिला धक्का बसतो: हा मुलगा खरोखर निरपराध असेल तर आपण स्वतः कोण ठरतो, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. दुसऱ्याच क्षणी तो ती दूर सारते, प्रश्नांचा मारा चालू ठेवते, मुलगा एक नाव आणि एक शिवी उच्चारतो, ती शिवी भुताला की तिला हे कळत नाही, आणि त्याचे हृदय थांबते. भूतवाद्याला ती शंका क्षणिक दुर्बलता वाटते, भ्रमवाद्याला ती शुद्धीचा एक निसटता किरण वाटते. परंतु हे सर्व तिने स्वतः, घटना घडून गेल्यावर, स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे आणि ते पुढे आपल्या विश्वासातील माणसाला पाठवले आहे. ते वाक्य गाळून टाकण्याची तिला पूर्ण मुभा होती. जिची आपण लढलेल्या युद्धाबद्दल खात्री पटली होती ती ते ठेवती ना. आणि जी आपल्या भ्रमात अखेरपर्यंत गुरफटलेली होती तिला ते सुचतेच ना. ते तिने ठेवले, याचा अर्थ त्या मुलाच्या मृत्यूनंतर उरलेल्या सबंध आयुष्यात तिलाही निकाल मिळाला नव्हता.