प्रवेश झाल्यावर पालकांना हा एक प्रश्न विचारा




तिसरीतल्या मुलाला वाचता येत नाही असं दिसलं की खापर आधी मुलाच्या आळसावर फुटतं, मग आईवर. बडोद्यातल्या मराठी घरांच्या वाट्याला आणखी एक बोल येतो: घरी मराठी, अंगणात गुजराती, शाळेत इंग्रजी, म्हणून पोर गोंधळलं, तेव्हा घरी मराठी बोलणं बंद करा. अनेक वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली शिक्षिका म्हणून सांगते, या सल्ल्याला काहीही आधार नाही. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही वाचणं जड जाण्याची अडचण, होत नाही. घरची भाषा तोडली तर मुलाचं आजीशी बोलणं तेवढं तुटतं, वाचन सुधारत नाही.

अशा मुलाजवळ बसून पाहा. धडा तोंडपाठ असतो, म्हणून तोंड भराभर चालतं. बोट मात्र दोन शब्द मागे असतं. मधलाच एखादा शब्द दाखवून विचारला की मूल गप्प. ‘घर’चं ‘धर’ होतं, जोडाक्षर आलं की पहिलं अक्षर वाचून पुढचं अंदाजाने ठोकून दिलं जातं. तीच गोष्ट वाचून दाखवली तर मात्र हेच मूल सगळ्यांआधी हात वर करतं. आणि पालकसभेला त्याचे वडील येतात, फॉर्म हातात घेतात, म्हणतात, “बाई, चष्मा घरी राहिला, तुम्हीच भरा ना.” हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याला योगायोग म्हणवत नाही.

तो योगायोग नाहीच. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने 1896 मध्ये एका हुशार, पण वाचता न येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या काही वर्षांतच ही अडचण एकाच घरात अनेकांना असते, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. आई किंवा वडिलांना ती असेल तर मुलात येण्याची शक्यता साधारण 30 ते 60 टक्के धरली जाते. आपल्याकडेही मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या संशोधकांनी 2018 मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या एका भारतीय कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पीसीडीएचजी या जनुकसमूहातल्या बदलांकडे बोट दाखवलं. वाचण्यासारख्याच बोलण्याच्या अडचणीही घराण्यातून येऊ शकतात; त्या बाबतीत लंडनचं ‘केई’ कुटुंब प्रसिद्ध आहे. तीन पिढ्यांतल्या जवळपास निम्म्या माणसांना शब्द उच्चारण्यासाठी ओठ-जिभेच्या हालचाली जुळवता येत नसत. 2001 मध्ये त्याचं मूळ फॉक्सपी2 या एकाच जनुकातल्या बदलात सापडलं.

पण एका जनुकाने सगळं ठरावं, असं क्वचितच घडतं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात डिस्लेक्सियाचं निदान झाल्याचं सांगणारे पन्नास हजारांहून अधिक प्रौढ आणि तुलनेसाठी दहा लाखांहून अधिक इतर लोक होते. त्यातून जनुकसंचात 42 जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा. शिवाय ही माणसं युरोपीय वंशाची होती, म्हणजे आपल्याकडे हे तसंच लागू पडेल याची खात्री नाही. तेव्हा लाळेची चाचणी करून ‘तुमचं मूल वाचेल की नाही’ हे सांगू म्हणणाऱ्यांना पालकांनी एक पैसाही देऊ नये. त्यापेक्षा भरवशाची माहिती घरच्या माणसांकडे फुकट मिळते. मधुमेहासाठी डॉक्टर ‘आईवडिलांना साखर आहे का’ असं विचारतात, तसंच हे विचारायचं.

अडचण अशी की घरं हे लपवतात. “आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं,” असं सासूबाई सुनेच्या तोंडावर सांगतात, आणि शेजारी खुर्चीत बसलेला मुलगा, ज्याने स्वतः दहावीला तीनदा बसून शाळा सोडली, तो मान खाली घालतो. घराण्यातून आलेली गोष्ट म्हणजे कलंक, आणि कलंक म्हणजे पुढे लग्नाला अडचण, हे गणित डोक्यातून जायला हवं. तसंच ‘रक्तातच आहे, मग काय करणार’ हेही. अक्षर आणि उच्चार यांची सांगड पद्धतशीर, रोज थोडी थोडी घालून दिली की ही मुलं वाचू लागतात. जितक्या लवकर सुरू कराल तितकं कमी झगडावं लागतं.

आणि नेमका तिथेच आपण उशीर करतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो ती विशिष्ट अध्ययन अक्षमता त्याच्या यादीत आहे. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी शिक्षकांच्या चाळणीसाठी तिसरी किंवा आठवं वर्ष ठरवलं होतं. प्रमाणपत्रासाठी हे वय ठीक असेल. पण शिकवायला प्रमाणपत्र कशाला लागतं? आठ वर्षांचं होईपर्यंत पोराने ‘मी ढ आहे’ हे मनाशी पक्कं केलेलं असतं.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ज्या शहरात शंभराहून अधिक वर्षं मुलांना शाळेत आणून बसवलं जातं, तिथे वाचता न येण्याचं कारण शोधणं हे शाळेचंच काम आहे.

म्हणून शहरातल्या सर्व शाळांना माझी विनंती आहे. बालवाटिकेत मूल दाखल झाल्यावर (प्रवेशाआधी नको, नाहीतर त्याच उत्तरावर प्रवेश नाकारले जातील) शिक्षिकेने पालकांना एकांतात विचारावं: आई, वडील, भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी यांपैकी कुणाला लहानपणी बोलायला उशीर झाला होता का, वाचणं-लिहिणं फार जड गेलं होतं का? उत्तर ‘हो’ असेल तर त्या मुलावर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवावं. मुलालाच बोलायला उशीर होत असेल तर आधी त्याचे कान तपासून घ्यावेत. चाचणीची वेळ आलीच तर मराठी घरातल्या मुलाची ती मराठीतही व्हावी. मानेसरच्या केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ या चाचणीत पहिल्या चार भाषांमध्ये मराठी आहे.

आणि वडीलमंडळींनो, पुढच्या पालकसभेत चष्म्याचं निमित्त सांगू नका. “मलाही वाचता येत नव्हतं,” एवढं मुलासमोर आणि त्याच्या शिक्षिकेसमोर सांगा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, बडोदे