‘नंतर बघू’ म्हणजे नाहीच



“आता आराम कर गं, बाळाकडे बघ, कामाचं नंतर बघू.” हे वाक्य आपल्याच लोकांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की आज त्यावर लिहायलाच बसले. दुकान असो, पतसंस्था असो, शाळा असो, जाफराबादेत कामाला असलेल्या बाईला सातवा लागला की हे वाक्य येतं. ते ‘नंतर’ मात्र येत नाही. माझ्या ओळखीची एक बाई एका दुकानात हिशेब लिहायची. बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर परत गेली, तर तिच्या जागी दुसरी. हिला पावत्या फाडायला बसवलं आणि पगार निम्मा केला. संवत्सरीला त्याच मालकांनी हात जोडून तिला मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. वही काही परत दिली नाही.

काढून टाकलं असं कुणी म्हणत नाही, काळजी घेतली म्हणतात. मोठ्या ठिकाणीही हेच. एअर इंडियात हवाई सुंदरीला पहिल्यांदा दिवस गेले की नोकरी संपायची, तसा नियमच होता. नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, भारतीय स्त्रीत्वाचा हा उघड अपमान आहे असं सुनावून. त्यानंतर चाळीस वर्षांनी स्टेट बँकेने काय करावं? नोकरीला निवडलेली बाई तीन महिन्यांपेक्षा जास्त गरोदर असेल तर ती ‘तात्पुरती अपात्र’, असा आदेश काढला. आरडाओरड झाली तेव्हा जानेवारी 2022 मध्ये तो थांबवला. शिकलेल्या लोकांची बँक बरं का ही!

कायदा आहे. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली 26 आठवड्यांची पगारी रजा आली. रजेवर असताना बाईला कामावरून काढता येत नाही. पण दुकानाला हे लागू व्हायला किमान दहा माणसं कामाला लागतात. आपल्या बाजारपेठेत दहा माणसं किती दुकानांत आहेत, मोजा. कायदा उंबऱ्याबाहेरच थांबतो. मग आत कोण बघणार? अणुव्रत तर आपण घेतलेलं असतं ना?

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. ते आपण गाय-बैलांसाठी राखून ठेवलेत. गोशाळेला चारा पाठवला की झालं. पोटुशी बाईला गोदामातली पोती मोजायला दिवसभर उभी ठेवणं हा अतिभार नाही? परत आली म्हणून पगार तोडणं म्हणजे अन्नपाननिरोध नाही तर काय? छेदाचं तर आपल्या मराठवाड्यातच बघा. 2019 साली बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा 82,309 पैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सगळ्यांची कारणं एक नसतील. पण एक दिवस खाडा झाला की मुकादम दंड लावतो, ही भीती त्यात होतीच. ती बातमी वाचून आपण हळहळलो. मुकादम वाईट म्हणालो.

आता मालक म्हणतील, सहा महिने घरी बसवून पगार कुठून द्यायचा? प्रश्न खोटा नाही. छोट्या दुकानाला ते जड जातं, आमच्या घरची वही मीही बघते. पण जागा राखून ठेवायला काय लागतं? बदली बाई ठेवा, मात्र ‘बदली’ असं पहिल्या दिवशीच सांगून. जुनी परत आली की तिचं तेच काम, तोच पगार. मागच्या खोलीत दूध पाजायला एक पडदा लावा. पूर्ण पगार जमत नसेल तर अर्धा द्या, पण द्या. पर्युषणात बोली चढते तेव्हा हेच हात आखडत नाहीत.

आणि हे फक्त पुरुषांचं नाही हं. “राहू दे तिला घरी, मूल लहान आहे” असं दुकानात सांगायला लावणारी कित्येकदा मालकीणबाईच असते. तिला वाटतं आपण दया करतोय. त्या मुलीच्या घरचा हप्ता तिच्या पगारावर चाललाय, हे कुणी विचारलेलंच नसतं.

ज्यांच्या घरी दुकान आहे, त्यांनी आज जेवणं झाल्यावर एवढंच विचारा: गेल्या पाच वर्षांत आपल्याकडच्या किती बायका बाळंतपणाला गेल्या, त्यातल्या किती परत आल्या, आणि कोणत्या पगारावर? चातुर्मासातल्या मंडळाच्या बैठकीत मी हे आकडे विचारणार आहे. आमच्या दुकानाचे आधी सांगेन.