घड्याळ कोणाचे, दिवस कोणाचा?

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने वैधमापन कायद्याखाली भारतीय प्रमाणवेळेसंबंधीच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. शासकीय, व्यापारी व आर्थिक व्यवहारांत प्रमाणवेळेखेरीज दुसरी कोणतीही वेळ वापरू नये, अशी सक्ती त्यात सुचविली होती. ‘एक राष्ट्र, एक वेळ’ ही घोषणाही ओघाने आलीच. बँका, दूरसंचार आणि विजेचे जाळे यांना सेकंदाच्या सूक्ष्म अंशापर्यंत एकच वेळ लागते, याबद्दल कोणाचा वाद असण्याचे कारण नाही. परंतु यंत्रांची वेळ एक करणे ही एक गोष्ट झाली आणि कोट्यवधी माणसांचा दिवस एकाच घड्याळाला जुंपणे ही अगदी दुसरी गोष्ट झाली. या दोहोंतील फरक विसरला गेला की तांत्रिक सोयीचे रूपांतर सक्तीत होते.

भारताचा विस्तार पूर्व-पश्चिम सुमारे २९ रेखांशांचा आहे. सूर्याला एक रेखांश ओलांडण्यास चार मिनिटे लागतात. म्हणजे देशाच्या दोन टोकांच्या सूर्योदयांत जवळजवळ दोन तासांचे अंतर पडते. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ ही सर्व देशाची वेळ मानली गेली आहे. जून महिन्यात आसामातील दिब्रुगडला पहाटे साडेचारच्या आत सूर्य वर येतो आणि डिसेंबरात दुपारी साडेचारच्या आत मावळतो. द्वारकेला मात्र जूनमधला सूर्य सकाळी सहा वाजून गेल्यावर दिसतो. कचेऱ्या दोन्हीकडे दहाच्या सुमारास उघडतात. ईशान्येकडील माणसाचे सकाळचे कित्येक तास असेच वाया जातात आणि हिवाळ्यात कचेरी सुटण्यापूर्वीच दिवे लावावे लागतात.

ही व्यवस्था निसर्गाने दिलेली नाही, ती राज्यकर्त्यांनी ठरविलेली आहे. १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ अमलात आली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती. सुखवस्तू माणसाच्या दृष्टीने ही घड्याळाच्या काट्यांची किरकोळ हालचाल होती. गिरणी कामगाराच्या दृष्टीने तिचा अर्थ ३९ मिनिटे आधी अंथरूण सोडणे आणि अंधारात गिरणीची वाट धरणे, असा होता. त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि मालकांना सूर्यास्तानंतरही साचे चालविणे शक्य झाले होते. दिवस मागच्या बाजूने लांबविला गेला होताच. आता तो पुढच्या बाजूनेही खेचला जात होता. त्याच जानेवारीत हजारो कामगारांनी काम नाकारले, गिरण्यांवर दगडफेक झाली आणि नागरिकांच्या निषेधाच्या अर्जांवर हजारो सह्या पडल्या. या कामगारांना खगोलशास्त्र समजत नव्हते, असे तत्कालीन पुढाऱ्यांपैकी काहींना वाटले असेल. वस्तुतः त्यांना अर्थशास्त्र नेमके समजले होते. दिवसाच्या प्रारंभाची खूण ज्याच्या हाती, त्याच्याच हाती श्रमाचे माप असते, हे त्यांनी ओळखले होते. मुंबई वेळेचा हट्ट या शहराने पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ सोडला नाही. कापडगिरण्यांतील पुरुष कामगारांच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा मात्र १९११ साली आला.

आसामातील चहाच्या मळ्यांची कथा याच्या उलट दिसते. परंतु तिचे मर्म तेच आहे. तेथे मळेवाल्यांनी आपली घड्याळे प्रमाणवेळेच्या एक तास पुढे ठेवली आणि ‘चायबागान वेळ’ रूढ झाली. उजेडाचा एकही तास पानतोडणीवाचून जाऊ नये, हा हिशेब त्यामागे होता. छोटा नागपूर आणि ओरिसाकडून आणलेल्या आदिवासी मजुरांना त्याबद्दल कोणी विचारले नव्हते. तथापि सूर्याशी जुळणारी म्हणून ही वेळ कालांतराने तेथील जीवनाचा भाग बनली. म्हणजे शहाणपणाची वेळ मालकाच्या फायद्यासाठी पाळली जाऊ शकते. आणि राष्ट्राच्या नावाने लादलेली वेळ माणसाच्या देहाशी विसंगत ठरू शकते. वेळ पुढे की मागे, हा प्रश्न दुय्यम आहे. ती कोणाच्या संमतीने ठरते, हा मुख्य प्रश्न आहे.

ईशान्येकडील राज्यांनी वेगळ्या वेळेची मागणी पुन्हा पुन्हा केली आहे. २०१४ साली आसामचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी राज्यात चायबागान वेळ पाळण्याचा मनोदय जाहीर केला. २०१७ साली अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी तशीच मागणी केली. त्याच वर्षी गुवाहाटी उच्च न्यायालयाने यासंबंधीची याचिका फेटाळली. पुढील वर्षी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे देशाची वेळ जी संस्था राखते तिच्याच, शास्त्रज्ञांनी दोन कालविभागांचा शास्त्रशुद्ध आराखडा मांडला. सीमारेषा आसाम आणि पश्चिम बंगाल यांच्या हद्दीवर ठेवावी आणि पूर्वेकडील वेळ एक तास पुढे असावी, असे त्यांनी सुचविले. तेथे रेल्वेमार्ग मोजकेच असल्याने गाड्यांची वेळ बदलण्याची व्यवस्था सुरक्षितपणे करता येईल, हेही त्यांनी दाखवून दिले. यातून वर्षाला सुमारे दोन कोटी युनिट वीज वाचेल, असा त्यांचा अंदाज आहे. प्रामाणिकपणे बोलायचे तर देशाच्या वीजवापरापुढे ही बचत नगण्य होय. तेव्हा या मागणीचे समर्थन विजेच्या आकड्यांवर उभारू नये. शाळेत जाणारे मूल, अंधार पडल्यावर घरी परतणारी मजूर स्त्री आणि उजेडातच काम करू शकणारा शेतकरी हाच तिचा खरा आधार आहे.

सर्व देशाची वेळ अर्धा तास पुढे न्यावी, असा तिसरा मार्गही तज्ज्ञांनी सुचविला आहे. त्यात सीमारेषेची अडचण नाही, हे खरे. परंतु मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. तो मग पावणेआठला उगवेल. पहिल्या पाळीचा कामगार आणि सकाळच्या शाळेची मुले पुन्हा काळोखात घराबाहेर पडतील. ईशान्येचा अन्याय दूर करण्यासाठी पश्चिमेच्या श्रमिकांवर १९०६ची पुनरावृत्ती लादणे हा न्याय नव्हे.

दोन वेळा झाल्या तर राष्ट्राचे ऐक्य धोक्यात येईल, ही भीती तर अनाठायीच आहे. रशियात अकरा कालविभाग आहेत आणि त्यामुळे तेथील केंद्रसत्ता दुबळी झाल्याचे कोणी ऐकलेले नाही. चीनने १९४९ पासून सबंध देशावर पेकिंगची वेळ लादली. शिनच्यांगमधील अनेक उइगुर आपल्या व्यवहारात दोन तास मागची स्थानिक वेळ पाळत राहिले. तेथे माणसाचे घड्याळ पाहून त्याची निष्ठा अजमावली जाऊ लागली. एका वेळेने एकी निर्माण होते, या समजुतीचा हा पुरेसा निकाल आहे.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे तज्ज्ञांचा प्रश्न म्हणून पाहू नये. ईशान्येच्या दुसऱ्या कालविभागाच्या मागणीला पाठिंबा द्यावा. ती मान्य होईपर्यंत शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने यांच्या वेळा ऋतुमानाप्रमाणे राज्यांनी व जिल्ह्यांनी ठरवाव्यात. त्यासाठी घड्याळाला हात लावण्याचीही गरज नाही. प्रमाणवेळेच्या कोणत्याही नियमांत चायबागान वेळेला स्पष्ट अपवाद असावा आणि ती पाळावी की नाही, हे मळेवाल्यांनी परस्पर न ठरविता कामगार संघटनांशी विचारविनिमय करून ठरावे. एका टोकाने दिवस पुढे सरकला तर दुसऱ्या टोकाने कामाची सुट्टीही तितकीच आधी झाली पाहिजे, एवढे कलम प्रत्येक करारात असलेच पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणी कामगाराने याहून अधिक काही मागितले नव्हते.