कोरडा दिसणारा दगड

दिवाळीच्या सुटीत बदामीला गेलेला आमचा पुतण्या परतला तो हिरमुसला होऊन. आदल्या रात्री पाऊस झाला होता. सकाळी अकरापर्यंत कडक ऊन पडले, दगड ठणठणीत दिसू लागला आणि ही मंडळी बोल्डरिंगला भिडली. दोराशिवाय, खाली गादी टाकून धोंड्यावर चढण्याचा हा खेळ. तिसऱ्याच चढाईत बशीएवढी कपची सुटून त्याच्या हातात आली. ‘‘काका, मला नुसते खरचटले, पण ती पकड आता पुन्हा व्हायची नाही,’’ तो म्हणाला. लागल्यापेक्षा तोडल्याचे दुःख त्याला अधिक होते, हे मला बरे वाटले.

चूक एकट्या त्याची नाही. आपली पोरे सह्याद्रीत शिकलेली. तिथला बसाल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला घट्ट पाषाण. पाणी बहुतेक अंगावरूनच वाहून जाते. निसरडेपणा वाळला की सहसा काम झाले. बदामीचा तांबडा दगड निराळ्या कुळीचा. तो वालुकाश्म, वाळूचे कण सिलिका, चुना, लोह किंवा चिकणमातीने सांधलेले. कणांमधल्या पोकळ्यांतून तो पाणी पितो आणि सांधा सैल पडतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधले ३५ वालुकाश्म तपासले होते. भिजल्यावर त्यांची ताकद ८ टक्क्यांपासून ७८ टक्क्यांपर्यंत घटलेली आढळली. चिकणमातीचा अंश जास्त, तिथे घट जास्त.

खरी फसगत वाळण्यात आहे. ऊन-वारा आधी कातडी वाळवतो. आतले पाणी पोकळ्यांतून सावकाश बाहेर यायचे असते. बँकेत असताना ताळेबंदाचे पहिले पान पाहून कर्ज मंजूर करणारे साहेब मी पाहिले आहेत. ही चूक त्याच जातीची.

मग ओळखावे कसे? रंग पाहावा, ओला वालुकाश्म गडद दिसतो. तळहात टेकवून गारवा आणि दमटपणा अजमावावा. पण भरवशाची खूण पायाशी असते. धोंड्याच्या बुडाची माती चार बोटे उकरावी. आत ओल लागली, तर दगडातही ती आहे असे धरून चालावे. सावलीतल्या, झाडीतल्या भिंतीला आणखी वेळ द्यावा. अमेरिकेत लास व्हेगासजवळच्या रेड रॉक कॅन्यनमध्ये पावसानंतर २४ ते ७२ तास थांबण्याचा प्रघात आहे. तोही अंदाजच, संततधार असेल तर त्याहून अधिक थांबावे.

‘दोनच दिवसांची रजा, रात्रभर प्रवास, आणि हात बांधून बसायचे?’ हा सवाल खोटा नाही. त्यावर उपाय आहे. हंपी फार दूर नाही. तिथला ग्रॅनाइट पाणी पीत नाही, वरून वाळला की चढता येते. तेही न जमले, तर बदामीची लेणी पाहावीत. चालुक्यांनी ती याच दगडात कोरली; तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इ. स. ५७८ चा आहे. छिन्नीपुढे नमणारा दगड म्हणूनच ती कोरता आली, आणि तोच मऊपणा ओल्या दिवशी आपल्या बोटांपुढेही नमतो.

निसटलेली रजा पुढल्या वर्षी पुन्हा मिळते. निखळलेली कपची मिळत नाही, आणि तिच्यावर पुढे येणाऱ्या पोरांचाही हक्क होता. म्हणून शंका आली की थांबावे. पुतण्या आता पिशवीत खुरपे ठेवतो.