बीआरएमचे सोळा सिलेंडर : इंजिन मोडले, ते कोणाच्या हातून?

२६ ऑगस्ट १९५०, इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन. युद्धोत्तर टंचाईतून सावरू पाहणाऱ्या ब्रिटनने जिच्याकडे डोळे लावले होते, ती बीआरएम व्ही-१६ ही गाडी प्रथमच शर्यतीस उभी होती. चालक होता फ्रान्सचा रेमों सोमेर. निशाण पडले, इतर गाड्या सुटल्या आणि बीआरएम एक झटका खाऊन जागीच थांबली. इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणारा सांधाच तुटला होता. चिडलेल्या प्रेक्षकांनी गाडीत नाणी फेकली, असे सांगितले जाते.

त्या दिवशी तुटला तो सांधा. पण पुढील दोन वर्षांत इंजिनानेही तितकीच मानहानी पदरात घातली. या गाडीविषयी एक निवाडा तेव्हापासून रूढ आहे : मूठभर कारागिरांनी खेड्यात हाताने जुळवलेले इंजिन, ते मोडणारच! हा निवाडा सोपा आहे, आणि चुकीचा आहे.

आधी इंजिन पाहू. रेमंड मेज आणि पीटर बर्थन यांनी लिंकनशायरमधील बोर्न या छोट्या गावात ते उभे केले. तत्कालीन नियमानुसार सुपरचार्जर लावायचा असेल तर इंजिन दीड लिटरचेच असावे लागे. बर्थनने ते दीड लिटर सोळा सिलेंडरांत वाटले. एकेका सिलेंडरच्या वाट्याला जेमतेम ९३ घनसेंटिमीटर आले, म्हणजे चहाच्या कपाहूनही कमी. पिस्टनची धाव ५ सेंटिमीटरांच्या आतच होती, त्यामुळे इंजिन मिनिटाला १२,००० फेरे घेऊ शकेल असा हिशेब होता. कागदावर हिशेब बिनचूक होता.

पण १२,००० फेऱ्यांना प्रत्येक सिलेंडरमध्ये सेकंदाला १०० स्फोट होतात. सोळांत मिळून १,६००. शिवाय वेग दुप्पट झाला की पिस्टन आणि दांड्यांवरचा जडत्वाचा ताण चौपट होतो. रोल्स-रॉइसने विमान-इंजिनांच्या अनुभवातून दिलेला केंद्रोत्सारी सुपरचार्जरही त्याच गणिताने चाले : निम्म्या वेगाला हवेचा दाब चौथ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे खालच्या वेगाला इंजिन निर्जीव आणि वर गेले की एकाएकी उसळणारे. विमान तासन्‌तास एकाच वेगाने उडते, म्हणून तिथे हे खपते. वळणावळणाच्या शर्यतीत चालकाला सतत वरच्याच वेगात राहावे लागे, आणि यंत्राचा प्रत्येक सांधा सतत शेवटच्या टोकाला ताणलेला असे.

सर्वांत दुखरी जागा होती लायनरची. सिलेंडरची आतली नळी म्हणजे लायनर. तिच्याभोवती थंड करणारे पाणी खेळते. ॲल्युमिनियम तापले की लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे गार इंजिनात घट्ट बसलेला सांधा तापलेल्या इंजिनात सैल होऊ शकतो. व्ही-१६मध्ये या सांध्यांतून पाणी सिलेंडरमध्ये शिरे. पाणी हवेसारखे दाबले जात नाही; वर येणारा पिस्टन त्यावर आदळला की लायनरला तडा जाणारच. कारागिराने पाना कितीही जपून फिरवला, तरी दोन धातूंच्या प्रसरणातला फरक त्याच्या हाताला पुसता येत नाही.

हाच प्रश्न इटलीतही होता. फेरारीचा अभियंता ऑरेलिओ लांप्रेदी याने आपल्या साडेचार लिटर व्ही-१२ मध्ये लायनर थेट सिलेंडर-हेडमध्ये आट्यांनी बसवले. जो सांधा गळतो तोच काढून टाकला, की गळण्याची भीती राहत नाही. फेरारीचे इंजिनही हातानेच जुळवले जात होते. १४ जुलै १९५१ रोजी त्याच सिल्व्हरस्टोनवर त्याने अल्फा रोमिओला हरवून फेरारीला अजिंक्यपद मालिकेतला पहिला विजय मिळवून दिला. त्या शर्यतीत बीआरएमच्या दोन्ही गाड्या शेवटपर्यंत धावल्या, हेच नवल. रेग पार्नेल पाचवा आणि पीटर वॉकर सातवा आला. दोघेही एक्झॉस्टच्या उष्णतेने भाजून निघाले होते.

मग बोर्नमध्ये वेगळे काय होते? पैसा आणि सुटे भाग एका राष्ट्रीय न्यासाच्या झोळीतून येत. शेकडो ब्रिटिश कंपन्यांनी देशाभिमानापोटी कुणी धातू, कुणी गिअर, कुणी बेअरिंग दिले. हेतू उदात्त होता, परिणाम घातक झाला. फुकट मिळणाऱ्या भागासाठी तगादा लावता येत नाही. देणाऱ्या कारखान्यात आधी गिऱ्हाइकाचे काम निघते, दानाचे मागाहून. भाग उशिरा आले, इंजिन उशिरा उभे राहिले आणि चाचणीचा काळ सर्वांत आधी आटला. तरीही डिसेंबर १९४९ मध्ये गाडी वृत्तपत्रांपुढे मिरवली गेली, कारण देणगीदारांना काहीतरी दाखवणे भाग होते. मोडलेला भाग पाहून नवा आखायचा, तो पुन्हा मोडेपर्यंत पळवायचा, हे इंजिन-बांधणीचे खरे शिक्षण असते. अल्फाला ते १९३८ पासून मिळत होते. बीआरएमने ते भर शर्यतीत, सगळ्या देशादेखत घेतले.

याची किंमत बीआरएमपुरती राहिली नाही. १९५१ अखेर अल्फाने माघार घेतली. एप्रिल १९५२ मध्ये ट्युरिनच्या शर्यतीत बीआरएम आलीच नाही. फेरारीला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उरला नाही, हे ओळखून आयोजकांनी अजिंक्यपदाच्या शर्यती फॉर्म्युला टू गाड्यांवर नेल्या. ज्या नियमासाठी सोळा सिलेंडर जन्मले, तो नियमच असा बाजूला पडला. त्याच वर्षी उद्योगपती आल्फ्रेड ओवेन यांनी संघ विकत घेतला.

याच न्यासाला कंटाळून टोनी व्हँडरवेल नावाचा बेअरिंग-उत्पादक बाहेर पडला होता. समितीच्या बैठकांना बसण्याऐवजी त्याने चक्क फेरारीची गाडी विकत घेतली, ती धावडवली आणि तिच्याकडून शिकला. पुढे त्याने व्हॅनवॉल बांधली. तिचे चार सिलेंडरचे इंजिन नॉर्टन मोटारसायकलच्या अनुभवावर आधारलेले होते. १९५८ मध्ये गाडी-उत्पादकांचे पहिलेच जागतिक अजिंक्यपद व्हॅनवॉलने जिंकले. देश तोच, कारागिरांची जातकुळी तीच, जुळणीही हाताचीच. ‘हाताने बांधले म्हणून मोडले’ म्हणणाऱ्यांनी व्हॅनवॉलचे काय करायचे, ते एकदा सांगावे.

बीआरएमलाही यश आले. साध्या, आठ सिलेंडरच्या इंजिनावर ग्रॅहम हिलने १९६२ चे विश्वविजेतेपद मिळवले. आणि चारच वर्षांनी, तीन लिटरचा नवा नियम येताच, त्याच बोर्नमध्ये दोन सपाट आठ-सिलेंडर इंजिने एकावर एक रचून ‘एच-१६’ नावाचे अवजड प्रकरण जन्माला आले! अजिंक्यपद मालिकेत ते एकदाच जिंकले, १९६६ मध्ये अमेरिकेत, तेही जिम क्लार्कच्या लोटस गाडीत बसून. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद मात्र जॅक ब्रॅबमकडे गेले. त्याचे रेप्को इंजिन एका अमेरिकी कौटुंबिक मोटारीच्या ओल्ड्समोबिल ब्लॉकवर बांधलेले होते.